साडेतीन फुटांचा साहेब

नांदेड, रविवार, सकाळ

आदरणीय मामा,

भाचा आदर्श याचा नांदेडहून मुरुडला सविनय जयभीम. आपला उजवा गुडघा आता कसा आहे? परांचीवर चढताना अजून कुरकुरतो का? (गवंड्यानं गुडघा जपावा, हात तर चालतातच, असं आपणच म्हणता आणि आपणच ऐकत नाही.) मामींची शुगर किती निघाली? दिवाळीत मी आपल्याकडं भरल्या ताटावरून उठून गेलो, त्याचा राग आता उतरला असेल अशी आशा करतो. मामी फक्त एवढंच म्हणाल्या होत्या की, "कॉलेज पुरं केलं असतंस तर बरं झालं असतं." ते खरं होतं. खरं बोललेलं मला लवकर लागतं.

पत्र पाहून मामी विचारतील, फोन मेला का याचा? फोन जिवंत आहे. पण आपला फोन मामी उचलतात, उचलला की स्पीकरवर टाकतात, आणि स्पीकरवर टाकला की संध्याकाळपर्यंत बिलोलीला आईच्या कानावर जातं. (आई म्हणजे आपली मनिषाताई. तिला यातलं एक अक्षर कळू नये.) ही बाब कागदाचीच आहे. आपला महांतेश भाजीचा टेम्पो घेऊन नऊला लातूर-मुरुडकडं निघून राहिला, त्याच्या हाती देतो.

मामा, मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता एका माणसानं मला 'साहेब' म्हटलं आणि बसायला खुर्ची दिली. तिथून माझं सगळं फिरलं. त्याआधी मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्याला लोक 'ए, पाठपोट काढ' म्हणतात.

पण आधी क्लासचं सांगायला पाहिजे. पिठाच्या गिरणीच्या वर मडिवाळप्पा सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. सर उदगीरचे, रिटायर हेडमास्तर, रागावले की कानडीत जातात. मी तिथं तीन महिन्यांपासून जाऊन राहिलो. इंग्रजीसाठी म्हणाल तर इंग्रजीसाठी. (दुसऱ्या बाकावर लुंबिनी नावाची मुलगी बसते. तलाठी भरतीची तयारी करते. तिच्याबद्दल एवढंच लिहितो, कारण जास्त लिहायला लागलो तर महांतेशचा टेम्पो निघून जाईल.) सरांची पद्धत अशी की पाठांतर नाही, व्याकरणाचं पुस्तक नाही. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या. प्रत्येकानं एक चिठ्ठी काढायची. तिच्यात एक क्रियापद. ते आठवडाभर जगायचं आणि शनिवारी उभं राहून पाच मिनिटं बोलायचं, पण अट अशी की जे हातानं केलं त्याचंच वाक्य बोलायचं. एकाला 'खाणे' निघालं होतं, त्याचं वजन वाढलं. लुंबिनीला 'वाट पाहणे' निघालं, तर ती निकालाची वाट पाहण्यावर अशी बोलली की सरांनी चष्मा काढून पुसला. मला 'मेझर' निघालं.

मला वाटलं, सोपं आहे. मेझर म्हणजे मोजणे, संपलं. सर म्हणाले, संपलं नाही, सुरू झालं. कापड मोजतात तेही मेझर, औषध झाकणात ओतून देतात तेही मेझर. शब्द तोलून बोलणं म्हणजेही शब्द मेझर करणं. माणूस दुसऱ्याच्या अपेक्षेला पुरा उतरला तर तो 'मेझर अप' झाला. एवढ्यावर मी गप्प होतो. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'धिस टेबल मेझर्स फोर फीट.' म्हणजे टेबल चार फूट भरतं. इथं माझं डोकं सटकलं. मी उभा राहिलो. म्हटलं, सर, मोजणार माणूस, घाम माणसाला, आणि वाक्यात मोजतंय टेबल? टेबल काय फीत घेऊन बसतं का? सरांनी इंग्रजीत समजावलं, मराठीत समजावलं. मी हटेना. शेवटी "सुम्न कूडु!" म्हणून ओरडले. (म्हणजे गप बैस. एवढं कानडी क्लासातल्या सगळ्यांना येतं.) पण मामा, त्याच वेळी लुंबिनी मागं वळली आणि हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्या हसण्यानं मी बसलो ते कशावर बसलो हे मला घरी येईपर्यंत कळलं नाही.

त्या रात्रभर विचार करून मी ठरवलं की काय मोजायचं. लुंबिनीच्या दारापासून क्लासच्या जिन्यापर्यंतचं अंतर! ती रोज चालत येते तेवढंच. शनिवारी सगळ्यांसमोर उभा राहीन आणि म्हणेन, 'आय मेझर्ड द रोड.' बाकीच्यांना वाटेल रस्ता, तिला कळेल काय ते. (आपल्याला हे खुळ्यासारखं वाटेल. आपलं लग्न मामींच्या आत्यानं ठरवलं, आपल्याला मोजावं लागलं नाही.)

फीत वीरेशकडनं आणली. वीरेश पण आमच्याच क्लासात. त्याच्या वडलांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याच्याकडं बुलेट आहे. ही बुलेट मी लुंबिनीच्या गल्लीत दोनदा उभी पाहिली होती, त्यामुळं माझं त्याच्याशी पटत नव्हतं. पण तीस मीटरची फीत सगळ्यांकडं नसते. "कशाचं माप घेतोस रे?" म्हणाला. मी म्हटलं, "तुला काय करायचंय?" तरी दिली. पिवळी, नवी.

लुंबिनी सोमवारीच देगलूरला मावशीकडं गेली होती, गुरुवारी येणार होती, म्हणून मंगळवार बरा पडला. पाण्याच्या टाकीमागची ती गल्ली. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, ऊन म्हणून टोपी, हातात वही, कानाला पेन. फितीचं टोक तिच्या दाराशी विटेखाली दाबलं आणि चालायला लागलो तर वीट सरकली. तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या एक म्हातारबाई म्हणाल्या, "मी धरते बाबा, तू जा म्होरं." आणि त्यांनी खाली उतरून फितीच्या टोकावर पाय ठेवला. मी विचारलंही नाही कोण. त्या लुंबिनीच्या आजी, धुरपताबाई. मामा, मापाची सुरुवात इतकी चांगली झाली होती!

आता आपण बांधकामातले, आपल्याला माहीत आहे. गल्लीत फीत पसरली की लोक दाराबाहेर येतात. पलीकडच्या मोठ्या रस्त्याचं रुंदीकरण दोनच महिन्यांपूर्वी झालं, तिथल्या पायऱ्या जेसीबीनं उचलल्या, त्या कुणी विसरलं नव्हतं. मी तिसऱ्यांदा फीत ओढून राहिलो तोवर माझ्यामागं पंधरावीस माणसं. "कुठनं आलात?" "किती जाणार?" "डाव्या अंगाचं का दोन्ही अंगाचं?" मी डोक्यात आकडा धरून होतो, बोललो असतो तर विसरलो असतो. म्हणून मी हात वर करून गप्प केलं. तिथंच सगळ्यांची खात्री पटली. जो विचारल्यावर सांगत नाही तो सरकारी.

तेवढ्यात लुंबिनीचे वडील आले. नरसिंगकाका, एसटीतून रिटायर वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं स्टँडवर गाड्या पुकारल्या, घरातही तसंच बोलतात. एकदा संध्याकाळी मी त्यांच्या खिडकीखालून तिसऱ्यांदा गेलो तेव्हा "कोन हाय रे तिथं!" असे गरजले होते की मी टाकीपर्यंत पळालो. माझं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पाठच पाहिली होती. आता समोरून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, उन्हात का? खुर्ची आणा साहेबांना." खुर्ची आली, पाणी आलं, आल्याचा चहा आला, दोन बिस्किटं. ज्या घराच्या चहासाठी मी तीन महिने इंग्रजी शिकून राहिलो, तो चहा बशीसकट माझ्या हातात होता. मामा, खरं सांगा, आपण म्हटलं असतं का, 'काका, मी झेरॉक्सवाला'?

तरी मी म्हणणार होतो. आईची आण. पण तोंड उघडलं आणि समोर पाहिलं तर समोरच्या घराच्या रँपवर वीरेशची बुलेट. तोंड लुंबिनीच्या दाराकडं करून उभी. डोक्यात असं काही गेलं की मी उठलो, फीत त्या रँपला लावली आणि म्हटलं, "हा रँप सगळा अतिक्रमणात. पाच फूट जाणार." आतून एक बाई आल्या, वर्षाराणी नाव, कमरेवर हात. म्हणाल्या, "कागद दाखवा."

मामा, एवढ्या माणसांत कागद मागणारी ती एकटी. मी म्हटलं, "कागद मागून येतो, आधी माप होतं." त्या म्हणाल्या, "मग मागूनच या." मी आता पळायच्या बेतात होतो, तर नरसिंगकाकांनी माझा हात धरला. अगदी अदबीनं. "साहेब, समोरच्यांचं मोजलं आन आमचं सोडलं असं नको. उद्या गल्ली म्हनंल, चहा पाजला म्हनून वाचला. आमचाबी वटा मोजा." मी म्हटलं, तुमचा ठीक आहे. ते म्हणाले, "न्हाई. नियम तो नियम." काय करणार? लांबी, उंची वहीत लिहिली, मग रुंदीला फीत लावली, तर ओटा साडेतीन फूट भरला. आणि तोंडातून गेलं, "साडेतीन." म्हणजे सगळाच.

काकांनी मान हलवली. ओट्याकडं पाहिलं, मग मला म्हणाले, "बरं झालं, आधी सांगितलं."

मी फीत गुंडाळली आणि चालत गेलो. कोपरा वळल्यावर पळालो. मला वाटलं होतं, चार दिवसांत सगळे विसरतील. सरकारी मापाचं पुढं काही होत नाही, असं सगळेच म्हणतात. पण काका एसटीतले. गाडी यायच्या आधी फलाट मोकळा करणारा माणूस! जेसीबी आला तर फरशी फुटंल, आपल्या हातानं काढली तर वाचंल, असा हिशोब करून बुधवारी सकाळी त्यांनी स्वतः पहार घेतली. रिटायर झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात दगड आणून स्वतः रचलेला ओटा, दुपारपर्यंत काढला. समोरचा रँप तसाच आहे. वर्षाराणीताई अजून कागदाची वाट पाहून राहिल्या. गल्लीत तुटला तो एकच ओटा, आणि तो तिच्या घरचा.

आता त्या दाराला उंबऱ्याखाली सरळ दोन फूट पडतं. तिथं दुधाचा क्रेट पालथा घातलाय. बाकीचे उड्या मारतात, पण धुरपताबाईंना उतरता येत नाही. रोज तीन वाजता त्या ओट्यावर बसून गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करायच्या. आता आत खाटेवर बसून भिंतीकडं तोंड. हे मी गुरुवारी लांबून पाहिलं. (लांबून म्हणजे टाकीच्या मागून.)

शुक्रवारी लुंबिनी दुकानात आली. माझ्या दुकानात, मामा! स्वतःहून! हातात दोन पानी अर्ज. "तीन प्रती काढ, नीट काढ, शिक्का दिसायला पायजे. म्हापालिकेत गेले तर म्हनतात आमचा माणूसच न्हाई आला. मग कोन आला होता, हे शोधून काढणार मी." मी मशीनवर कागद ठेवला आणि वाचला. 'सदर इसमाचे वय अंदाजे सव्वीस, रंग सावळा, कानाला पेन, वागणूक उद्धट.' मामा, मी बावीसचा आहे. माझ्याविरुद्धच्या अर्जाच्या तीन प्रती मी माझ्या हातानं काढल्या, इतक्या स्वच्छ की लुंबिनी म्हणाली, "तुझ्यासारखी झेरॉक्स कुनी काढत न्हाई." पैसे घेतले नाहीत. कानावरचा पेन तेवढा हळूच काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

"तू कुनाला पाहिलंस का रे त्या दिवशी? तू तर हिंडतोस सगळीकडं."

"न्हाई," मी म्हटलं.

काल शनिवार. क्लासात माझी पाळी. लुंबिनी दुसऱ्या बाकावर, वही उघडून. मी उभा राहिलो. म्हटलं, "आय मेझर्ड." पुढं काही येईना. खाली गिरणी चालू, वर मी बंद. सर म्हणाले, "हं, व्हॉट? काय मोजलंस? एका वस्तूचं नाव घे." सरांची अट, जे हातानं केलं तेच बोलायचं. मी म्हटलं, "नथिंग, सर," आणि बसलो. सर कानडीतसुद्धा रागावले नाहीत. ते जास्त लागलं.

जिन्यावर लुंबिनीनं गाठलं. "असा काय गप बसलास? टेबलावरनं भांडत होतास तवा तर तोंड बंद होत नव्हतं."

"आठवलं न्हाई."

"बरं. पन एक सांगू? लातूरला परीक्षेत तू खोटा आकडा लिव्हला न्हाई, कॉलेज सोडलंस, पन लिव्हला न्हाई. ते वीरेशनं सांगितलं तवापासून मी तुला मानते. नाहीतर तुझ्यासारख्या तापट माणसाशी कोन बोलंल?"

मामा, ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो, आपल्यालाही सांगितली. प्रॅक्टिकलला लोखंडी गोळ्याचा व्यास माझा २.१४ आला, सगळ्यांचा २.४१. तिथले सर म्हणाले, दुरुस्त कर. मी म्हटलं, माझ्या डोळ्यानं मोजलेलं मी बदलणार नाही, आणि निघून आलो. आता आपल्याला एकट्यालाच सांगतो. गोळा २.४१चाच होता. मी आकडे उलटे वाचले होते. जिना उतरतानाच ध्यानात आलं, पण परत जाऊन 'सर, चुकलो' म्हणायचं ते माझ्यानं झालं नाही. दीड वर्ष झालं. आता त्या चुकीवर एक मुलगी मला मानून राहिली आणि तिची आजी भिंतीकडं तोंड करून बसली.

काल संध्याकाळी वीरेश फीत मागायला आला. फितीला रँपच्या चुन्याचे डाग. त्यानं फितीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. त्याच्या बहिणीचं नाव वर्षाराणी, तो रँप तिच्या घरचा, बुलेट तिथं लागते कारण तो भाच्यांना शाळेत सोडतो, आणि त्याचं स्वतःचं लग्न निलंग्याला ठरलंय, हे सगळं मला त्या पाच मिनिटांत कळलं. म्हटलं, आता हा मला मारणार. मारलं नाही. म्हणाला, "मी सांगनार न्हाई. पन तू सांग. म्हातारीला क्रेटवरनं उतरायला धडपडताना पाहिलं, मला बघवंना." आणि फीत न घेताच गेला.

तर मामा, आज सकाळी मी गेलो आणि काकांना सगळं सांगून टाकलं. काका आधी गरजले, मग हसले. आजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लुंबिनी म्हणाली, चुकतं माणसाचं. सगळं नीट झालं. आपण काळजी करू नये. मला कशाची गरज नाही, फक्त आपला आशीर्वाद असावा म्हणून पत्र लिहिलं. मामींना जयभीम. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला भाचा,
आदर्श

ता. क. : आशीर्वादाबरोबर आपण स्वतः आलात तर फार बरं. उद्याच. थापी, ओळंबा, पाणसळ सोबत आणा, बाकी इथं मिळतं. ओटा लांबीला नऊ फूट दोन इंच, उंचीला दोन फूट एक इंच, रुंदी आपल्याला वर कळलीच. पायऱ्या दोन, पण आजींसाठी तीन केल्या तर उतरायला सोपं जाईल. दगड काकांनी भिंतीला रचून ठेवलेत आणि शहाबादी फरशीवर खडूनं नंबर टाकलेत, फलाटासारखे, एक ते अकरा. एकही फुटलेली नाही. वाळू मी चाळीन, पाणी मी मारीन, आपण फक्त सांगायचं. आपण गुडघ्यावर बसायचं नाही, बसायचं काम माझं.

दुसरा ता. क. : सांगून टाकलं असं जे वर लिहिलं, ते अजून सांगितलेलं नाही. लिहिल्यावर कसं दिसतं ते पाहत होतो. लई सोपं दिसलं. प्रत्यक्षात आजी हात फिरवतील असं वाटत नाही, आणि लुंबिनी काय म्हणंल ते मला लिहिता येईना म्हणून 'चुकतं माणसाचं' लिहिलं. ते वाक्य तिचं नाही. ती असं बोलत नाही.

तिसरा ता. क. : साडेआठ वाजले. काका आता दारात उभं राहून पेपर वाचत असतील. (बसायला ओटा नाही.) हे मी खोलीच्या बाहेर जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून लिहून राहिलो, कारण आत बसलो तर एक चौथा, एक पाचवा ता. क. लिहीन आणि नऊ वाजतील. खाली महांतेशनं दोनदा हॉर्न मारला. टोपी घातली नाही, त्यांनी ओळखलं पाहिजे. वीरेशची फीत खांद्यावर घेतली. दार ओढून घेतलं. ओढलं की कुलूप लागतं त्याला. किल्ली आत राहिली, आत्ता ध्यानात आलं. बरं झालं. जातो.